इंटरनेटवरील गळतीचा शोध

इंटरनेटवरील माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते. वाटेत गहाळ झालेले पॅकेट पुन्हा मागविता येते. परंतु चालू संभाषणात तेवढी उसंत नसते. त्यामुळे घरून ऑनलाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकांचे बोलणे तुटक ऐकू येते. अशा वेळी अधिक वेगाची महाग योजना घेण्यापूर्वी गळतीचे ठिकाण शोधणे हिताचे ठरते.

संगणक केबलने राउटरला जोडून ‘पिंग’ या आज्ञेद्वारे प्रथम राउटरकडे व नंतर बाहेरील दोन सर्व्हरकडे प्रत्येकी १०० पॅकेटे पाठवावीत. राउटरपर्यंतच गळती आढळल्यास प्रथम केबल बदलून पाहावी. केवळ त्यापुढे आढळल्यास सेवा पुरवठादाराकडे आकड्यांसह तक्रार नोंदवावी. केबलवर गळती नसून वाय-फायवरच असल्यास राउटर खोलीच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा.