वॉर पिग्जचं निरूपण

‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा गायक ओझी ऑस्बर्न २२ जुलै २०२५ ला गेला. त्यानंतरच्या दोन दिवसांत मी वाचलेल्या प्रत्येक मराठी बातमीत वटवाघूळ होतं. १९८२ मध्ये अमेरिकेत भर कार्यक्रमात त्याने वटवाघळाचं डोकं चावलं ती हकिगत, मग दारू, मग टीव्हीवरचा कुटुंबाचा कार्यक्रम. ‘ब्लॅक सॅबथ’ची गाणी काय सांगत होती यावर एक वाक्य नव्हतं. त्यातली बहुतेक गाणी लिहिणाऱ्या गीझर बटलरचं नावही कुठे दिसलं नाही. मला हे फार लागलं. त्या गाण्यांचा अर्थ लावण्यात आम्ही डोंगरकड्याच्या काही पोरांनी तरुणपणाची दहा वर्षं घातली आहेत.

त्याआधीच्या काळाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत होतं, धोबीतलावच्या रंगभवनात गर्दी उसळत होती, १९९३ पासून अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघत होतं. ते शहरातल्या, इंग्रजी शाळांत शिकलेल्या मुलांचं जग होतं. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले, तेव्हा अशी एक जागा होती हे आम्हाला कळलं.

आमचं दशक १९९९ ला सुरू झालं. त्या वर्षी १ मे रोजी परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि त्याच महिन्यात कारगिल पेटलं. आमच्यातल्या एकाच्या पुण्यातल्या मावसभावाने ‘ब्लॅक सॅबथ’च्या ‘पॅरानॉइड’ या १९७० च्या अल्बमची कॅसेट भरून दिली होती. भरलेल्या कॅसेटला गाण्यांचा कागद नसतो. त्यामुळे आम्ही कानाने ऐकून वहीत शब्द उतरवायचो. चौघांना चार वेगळे शब्द ऐकू यायचे आणि त्यावरून संध्याकाळ जायची. पुढे नांदेडच्या सायबर कॅफेतून गाण्याचे छापील कागद आणायला लागलो. वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या एसटीत ते वाचत यायचं, घरी शब्दकोश काढायचा आणि समासात पेन्सिलीने मराठी लिहायची. भारनियमनात वीज गेली की टेप बंद पडायचा. मग केळीच्या बागेच्या बांधावर नुसत्या शब्दांवर बोलणं चालायचं. आमचं खरं ऐकणं बहुधा वीज नसतानाच झालं.

सगळ्यात जास्त वेळ ‘वॉर पिग्ज’ने खाल्ला. सुरुवातीला सेनापतींना काळी जादू करणाऱ्या चेटकिणींच्या रांगेत बसवलंय. मग युद्ध पेटवून स्वतः लपून बसणारे पुढारी येतात, आणि लढायला पाठवलेली गरिबांची पोरं. शेवटी निवाड्याचा दिवस उजाडतो, तेच पुढारी गुडघे टेकून दयेची भीक मागतात आणि सैतान हसत पंख पसरतो. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना, बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीत वाढलेल्या पोरांनी रचलेलं हे गाणं आहे. अल्बमचं नावही ‘वॉर पिग्ज’च ठेवायचं होतं. कंपनीने ते बदललं आणि मुखपृष्ठावर हातात तलवार घेऊन धावणारा माणूस तसाच राहिला. ‘पॅरानॉइड’ या नावाशी त्या तलवारीचा काय संबंध, यावर आम्ही किती डोकं खाजवलं होतं!

कारगिलच्या दिवसांत हे गाणं ऐकणं सोपं नव्हतं. गटातल्या एकाचा थोरला भाऊ फौजेत होता. त्याने सरळ विचारलं, हे जवानांना डुक्कर म्हणतंय का? आम्ही कागद पुढे घेतला आणि ओळ न् ओळ तपासली. सैनिकाविरुद्ध त्यात एक अक्षर निघालं नाही. राग होता तो पाठवणाऱ्यांवर. पुढे सुट्टीवर आलेल्या त्या भावाला आम्ही गाण्याचा मराठी अर्थ वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हे लिहिणाऱ्याला माहिती आहे.’ २००३ ला इराकवर बॉम्ब पडताना टीव्हीवर दिसले, तेव्हा तेच कागद आम्ही पुन्हा बाहेर काढले.

एवढं होऊनही गावाबाहेर ज्यांना ज्यांना हे संगीत माहीत होतं, त्यांच्या लेखी आम्ही सैतानाचे भक्त होतो. कॉलेजातल्या इंग्रजीच्या एका प्राध्यापकांनी माझ्या वहीतला कागद बघून वर्गासमोर सांगितलं, असल्या गाण्यांनी पोरं जीव देतात. कागद वाचून बघायची तसदी त्यांनी घेतली नाही. हेच सर आम्हाला कोलरिजची १७९८ मधली म्हाताऱ्या खलाशाची कविता शिकवत होते. ‘आयर्न मेडन’ने त्याच कवितेवर १९८४ मध्ये तेरा मिनिटांहून मोठं गाणं केलं आहे. त्यात पक्ष्याची हत्या आहे, शाप आहे, पाण्याविना तडफडणारं जहाज आहे, प्रायश्चित्त आहे. परीक्षेत त्या कवितेवर मी जे लिहिलं, ते मी त्या गाण्यातून शिकलो होतो. सरांनी त्या उत्तराला चांगले गुण दिले.

गाव मात्र वेगळं निघालं. आमच्याकडच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास त्याचा एकेक शब्द उलगडतो. लहानपणापासून हे ऐकलेलं असल्यामुळे गाण्याचा अर्थ लावायचा असतो हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. सप्ताहातल्या एका म्हाताऱ्या विणेकऱ्यांनी एकदा थांबवून विचारलं, हा एवढा ओरडतोय तो काय म्हणतोय? मी ‘ब्लॅक सॅबथ’ हेच नाव असलेल्या गाण्याचा अर्थ सांगितला. समोर काळी आकृती उभी आहे, बोट माझ्याकडे आहे, मी पळतोय आणि देवाचा धावा करतोय. ते म्हणाले, ‘मंग हे भारूडच की. भूत दिसल्याबिगर देव कसा आठवंल?’

पैठणच्या नाथांनी विंचवाचं भारूड लिहिलं, भुताचं लिहिलं. म्हणून नाथ भुताचे भक्त होते असं कोणी म्हणत नाही. गाण्यात ‘मी’ म्हणून बोलणारा आणि गाणं लिहिणारा एकच असतो असं भारूड ऐकत वाढलेला माणूस कधीच धरून चालत नाही. मराठी साहित्यविश्वालाही हे ठाऊक होतं. १९७२ ला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्यातल्या संतप्त, घाणीत हात घालणाऱ्या भाषेमागची करुणा आपल्या समीक्षकांनी उशिरा का होईना ओळखली. दोनच वर्षं आधी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून आलेल्या पोरांनी तसाच राग गिटारीवर मांडला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली होती. प्लॅस्टिकची टोपणं करून तो वाजवत राहिला आणि तारा सैल केल्यावर जो जड आवाज निघाला त्यातून पुढचं हे सगळं संगीत उभं राहिलं. मराठीत यावर गंभीरपणे लिहिलेलं काही माझ्या हाती लागलं नाही. ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी केस आणि काळे शर्ट पाहिले आणि विषय मिटवला.

तिकडेही हेच झालं होतं. १९८५ च्या १९ सप्टेंबरला अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे गाण्यांवरची सुनावणी झाली. ‘ट्विस्टेड सिस्टर’च्या एका गाण्यात लैंगिक हिंसा आहे असा आरोप होता. गायक डी स्नायडरने तिथे सांगितलं की ते गाणं गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेबद्दल, त्या भीतीबद्दल आहे. ओझीच्या १९८० च्या ‘सुइसाइड सोल्यूशन’वरून खटला झाला आणि तो कोर्टात टिकला नाही. दारू माणसाला हळूहळू कशी मारते हे ते गाणं सांगतं. ज्या मराठवाड्यात बायका गावातलं दुकान बंद करायला आडव्या बाटलीसाठी मतदान करतात, तिथे हे गाणं परकं वाटायचं कारण नव्हतं. आणि पोरं जीव देतात म्हणणाऱ्यांना मला आजही सांगायचं आहे: आमच्या भागात माणसं कशाने जीव देत होती ते आम्ही घराशेजारी पाहत होतो. त्यात कॅसेटचा दोष नव्हता.

१ फेब्रुवारी २००८ ला ‘आयर्न मेडन’ने आपला जगदौरा मुंबईत बीकेसीच्या मैदानावरून सुरू केला. त्या खलाशाचं गाणं त्या दौऱ्यात होतं. आमच्यातले दोघे गेले. त्यानंतर नोकऱ्या, लग्नं, उसाची बिलं यांत गट पांगला.

आता माझा पुतण्या हेच संगीत ऐकतो. त्याच्या फोनवर गाणं चालू असतानाच ओळ न् ओळ उमटते आणि खाली अर्थही तयार असतो. मी त्याला ‘आयर्न मॅन’बद्दल विचारलं, तर त्याने चित्रपटातल्या नायकाचं नाव घेतलं. गाण्यातला माणूस भविष्यात जाऊन जगाचा नाश बघून येतो, परतताना पोलादाचा होतो, कोणी त्याचं ऐकत नाही आणि सूडापोटी तो नाश तोच घडवतो. हे सांगितल्यावर पुतण्या म्हणाला, दाखवतं ना फोनवर. दाखवत असेल. पण तिथे अर्थासाठी भांडायला कोणी नसतं, आणि न भांडता मिळालेला अर्थ त्याच्या लक्षात राहिला नव्हता. गावात वरातीच्या डीजेच्या भिंतीपुढे तर शब्द ऐकूच येत नाहीत. आमच्या टेपला आवाज फार म्हणून नावं ठेवणारेच आता त्या भिंतीपुढे नाचतात. याचा मला खरंच राग येतो.

२०२५ च्या ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ‘ब्लॅक सॅबथ’चे मूळ चौघे शेवटचे एकत्र वाजवायला बसले, तेव्हा पहिलं गाणं ‘वॉर पिग्ज’च होतं. दुसरं होतं ‘एन.आय.बी.’. त्या रात्री आमचा पांगलेला गट बऱ्याच वर्षांनी व्हॉट्सॲपवर जागा झाला आणि जुनं भांडण निघालं. या गाण्यात स्वतः ल्यूसिफर बोलतो, एका बाईला प्रेमाची वचनं देतो. बटलर म्हणतो, सैतान प्रेमात पडून चांगला होतो. केळीची बाग सांभाळणारा आमचा मित्र बटलरच्या बाजूने आहे. मी नाही. ती वचनं मला सापळा वाटतात, कारण देताना तो तिच्याकडून सगळं मागतो. मित्राचं म्हणणं, लिहिणाऱ्यापेक्षा तुला जास्त कळतं का? मी त्याला लिहिलं, दुसरं कडवं पुन्हा वाच आणि रविवारी बागेत ये.