कडधान्ये: कोणती, कशी शिजवावीत आणि कोणी काळजी घ्यावी?

मधुमेह किंवा रक्तदाबाचे निदान झाले की घरचे विचारतात, "डॉक्टर, आता उसळी बंद करायच्या का?" बहुतेक रुग्णांसाठी उत्तर 'नाही' असेच असते. बदलायची असते ती उसळीचा प्रकार, प्रमाण आणि शिजवण्याची पद्धत. काही कडधान्ये नीट शिजली नाहीत तर त्रासही होतो, म्हणून हे सविस्तर समजून घेऊ.

कडधान्यांमधून काय मिळते?

कोरड्या कडधान्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ३० ग्रॅम कडधान्याच्या एक वाटी उसळीतून ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. शिवाय तंतुमय पदार्थ, लोह, फोलेट, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही मिळते. गहू-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. कडधान्यात मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. म्हणून वरण-भात किंवा उसळ-भाकरी ही जोडी एकमेकींची उणीव भरून काढते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या दैनंदिन आहारात डाळी-कडधान्यांसाठी ८५ ग्रॅम (कोरडे वजन) धरले आहेत. आपल्या अनेक घरांत पातळ वरणातून याच्या निम्मेही जात नाही.

नेहमीची कडधान्ये

• मूग आणि मटकी: पचायला तुलनेने हलकी. रात्री भिजवून, सकाळी निथळून फडक्यात बांधली की मोड येतात. मोड आल्यावर ती लवकर शिजतात आणि 'क' जीवनसत्त्व वाढते. मूग आजारातून उठलेल्यांसाठी चांगले.

• चवळी आणि मसूर: लवकर शिजतात. सकाळी भिजवायचे राहून गेले तरी संध्याकाळी करता येतात. अख्खा मसूर तासभर भिजला तरी चालतो.

• हरभरा, छोले, वाटाणा: ८ ते १० तास भिजवावे लागतात. पोट बराच वेळ भरलेले राहते, पण गॅसचा त्रासही यांचाच जास्त.

• वाल: भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्या कराव्यात. या प्रक्रियेने कडवटपणा आणि पचनाचा त्रास कमी होतो.

• कुळीथ (हुलगे): कोकणात पिठी, देशावर शेंगोळे. दाणा कठीण असल्यामुळे रात्रभर भिजवावा. कुळथाच्या पाण्याने मुतखडा विरघळतो असे मानले जाते. त्यावर विसंबून उपचार लांबवू नयेत.

• राजमा (घेवड्याचे दाणे): चवदार आणि पौष्टिक, पण शिजवताना सर्वात जास्त काळजी याचीच घ्यावी लागते.

अर्धवट शिजलेला राजमा धोक्याचा का?

कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन असते. ते आतड्याच्या अस्तराला इजा करते. चार-पाच कच्चे दाणेही त्रासाला पुरेसे ठरू शकतात. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांत जोरात मळमळ आणि उलट्या होतात, मग जुलाब आणि पोटदुखी. बहुतेक जण काही तासांत बरे होतात. पण लहान मुले आणि वृद्धांच्या शरीरातले पाणी लवकर कमी होते.

हे लेक्टिन भरपूर उकळल्यानेच निष्क्रिय होते. मंद आचेवर कोमट तापमानात शिजणाऱ्या भांड्यात (स्लो कुकर) दाणा मऊ होतो, पण लेक्टिन टिकून राहते. म्हणून:

१. राजमा किमान ५ तास, शक्यतो रात्रभर भिजवा.
२. भिजवलेले पाणी फेकून द्या, दाणे धुऊन घ्या.
३. ताज्या पाण्यात किमान ३० मिनिटे खळखळ उकळा किंवा प्रेशर कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा.
४. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. मध्यभागी कच्चा लागला तर पुन्हा शिजवा.

शिजवताना एवढे पाळा

• गॅस होत असेल तर: भिजवलेले पाणी टाकून द्या. गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्यात उतरतो. सुरुवात अर्ध्या वाटीने करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवा. हिंग, आले, जिरे घाला.

• सोडा टाळा: त्याने दाणे लवकर शिजतात, पण 'ब१' जीवनसत्त्व नष्ट होते आणि जेवणात सोडियम वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर नकोच.

• चिंच, आमसूल, टोमॅटो शेवटी: आंबट पदार्थ आधी घातले तर दाणा मऊ व्हायला वेळ लागतो.

• लोह मिळण्यासाठी: उसळीवर लिंबू पिळा. जेवणानंतर किमान तासभर चहा घेऊ नका.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

मधुमेह: कडधान्यांनी साखर हळूहळू वाढते, म्हणून ती उपयुक्तच. पण त्यांत कर्बोदकेही असतात. उसळ वाढवली तर भात किंवा पोळी तेवढी कमी करा. मिसळीवरचे फरसाण आणि तर्री यांचा हिशेब वेगळा.

मूत्रपिंडाचा आजार: ऐकीव सल्ल्यावरून डाळी-उसळी पूर्ण सोडू नका. डायलिसिसपूर्वी प्रथिने मर्यादित ठेवतात, तर डायलिसिस सुरू झाल्यावर जास्त लागतात. पोटॅशियम वाढलेले असेल तर भिजवून, पाणी टाकून, भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी काढणे उपयोगी पडते. नेमके प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले: कच्चे मोड खाऊ नका. मोड येतात त्या उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात. चांगले वाफवून खा.

लहान मुले: चार वर्षांखालील मुलांना अख्खे हरभरे, वाटाणे किंवा फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकू शकतात. मऊ शिजवून, कुस्करून द्या.

थायरॉईडची गोळी घेणारे: सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेजवळ खाऊ नका, औषधाचे शोषण कमी होते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा मूल सुस्त पडले असेल तर घरी वाट पाहू नका. कडधान्य खाल्ल्यावर अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर ती ॲलर्जी असू शकते. अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठा.

इतरांनी आठवड्याची आखणी करावी: एक दिवस मूग, एक दिवस चवळी, एक दिवस मसूर. रात्री झोपण्यापूर्वी वाटीभर कडधान्य भिजत घालण्याची सवय लागली की बाकीचे सोपे आहे.