पार्टिशनच्या सांगाड्याला औषध भरलेले लाकूड : कोठे हवे, कोठे नको?

दुकानात किंवा घरात लाकडी पार्टिशन करायचे म्हटले की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील गिऱ्हाईक मिस्त्रीला विचारतो, "उदई तर लागणार नाही ना?" मग सगळा सांगाडाच औषध भरलेल्या लाकडाचा करावा काय? तशी गरज नसते.

ब्रशने लावलेले औषध वरच्यावर राहते. दाबाच्या पद्धतीत वाळलेले लाकूड लोखंडी टाकीत बंद करतात, आतील हवा ओढून घेतात आणि औषधी द्रावण दाबाने लाकडात शिरवतात. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक (सोमल) यांचे असे मिश्रण डॉ. सोंटी कामेशन या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शोधले. ते पुढे जगभर खांब व स्लीपरसाठी वापरले गेले. मात्र आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस बहुतेक घरगुती वापरासाठी ते बंद झाले. घराच्या आतील कामाला हे लाकूड घेऊ नये.

पांढरकवडा, घाटंजी भागातील सागाचा पक्का गाभा मुळातच टिकाऊ असतो आणि औषधही त्यात फारसे शिरत नाही. कोरड्या जागी त्यावर जादा खर्च कशाला? कीड लागते ती सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला. असे लाकूड किंवा हलके जंगली लाकूड वापरायचे असल्यास बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे औषध भरलेले घ्यावे. पाण्याने ते धुऊन निघते, म्हणून ओलीच्या जागी ते चालत नाही.

फरशीला टेकणाऱ्या खालच्या पट्टीची खास काळजी घ्यावी. तेथे पक्का गाभा लावावा आणि खाली प्लास्टिकचा जाड कागद घालावा. न्हाणीघराच्या भिंतीची ओल आधी बंद करावी. उदई जमिनीतून येते. औषधी पट्टी ओलांडून ती प्लायवूडपर्यंत पोहोचू शकते, म्हणून फरशीच्या भेगा बुजवणे आवश्यक आहे.

कारागीर बंधूंनी औषधी लाकूड कापताना नाकातोंडाला मास्क लावावा व जेवणापूर्वी हात धुवावेत. त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात कदापि जाळू नयेत. आर्सेनिक धुरात व राखेत उतरते.

लाकूड विकणाऱ्या बंधूंनी कोणते औषध भरले आहे ते बिलावर स्पष्ट लिहून द्यावे. नुसते "ट्रीटेड" लिहिल्याने गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही.