गोड्या पाण्याचा कप्तान : सिग्त्रिग्गुर योनासन आणि विनिपेग सरोवर

कप्तान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर तांडेल म्हटलं तरी खारं पाणीच आठवतं. आज मात्र आपण गोड्या पाण्यातल्या एका कप्तानाबद्दल बोलणार आहोत. ही गोष्ट कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग सरोवराची आहे, आणि माणसाचं नाव सिग्त्रिग्गुर योनासन. आगबोटीचा कप्तान, लाकडाचा व्यापारी, वर्तमानपत्राचा संपादक, वसाहतीचा प्रमुख आणि नंतर प्रांताचा आमदार, अशी त्याची कारकीर्द. आणि त्याच्या भोवतीचा सगळा समाज मासेमारीवर जगणारा. त्यामुळे त्याचं चरित्र सांगायचं तर बोट, जाळं आणि पंचायत या तिन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतात.

आधी सरोवर समजून घेऊ. विनिपेग सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ४०० किलोमीटर लांब आहे आणि त्याचं क्षेत्रफळ साधारण २४,५०० चौरस किलोमीटर. पण खोली? सरासरी फक्त १२ मीटर. एवढं मोठं आणि एवढं उथळ, ही जोडगोळी नावाड्याला फार महागात पडते. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उंच आणि एकमेकींना खेटून येतात. समुद्रातल्या लांब लाटेवर बोट चढते आणि उतरते, इथे तिला तेवढी उसंतच मिळत नाही. १९६५ साली सप्टेंबरमध्ये ‘सुझॅन ई’ नावाची मालवाहू बोट याच सरोवरात बुडाली, आणि दहा जणांपैकी एकच वाचला. तेव्हा ‘तळ्यातला कप्तान’ म्हणून कुणी हसू नये. शिवाय हे पाणी हिवाळ्यात गोठतं. साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे जवळपास अर्धं वर्ष, बोट बंद.

आता माणूस. योनासनचा जन्म १८५२चा, उत्तर आइसलँडमधला. तरुणपणी त्याने तिथल्या प्रशासकाच्या कचेरीत काम केलं आणि इंग्रजी शिकून घेतली. हे इंग्रजी पुढे त्याचं सगळ्यात मोठं भांडवल ठरलं, हे लक्षात ठेवा. १८७२मध्ये तो एकटाच कॅनडात आला. कॅनडात कायमचा स्थायिक झालेला पहिला आइसलँडी माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मागून त्याचे देशबांधव येऊ लागले. आइसलँडमध्ये थंडी, गरिबी होतीच, त्यात मार्च १८७५मध्ये आस्क्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पूर्वेकडची कुरणं राखेखाली गेली. जनावरांना चारा नाही म्हटल्यावर माणसांनी तरी कशावर राहायचं?

आलेल्या लोकांना आधी ऑन्टॅरिओत रेल्वेच्या कामावर ठेवलं होतं. तिथे हाल झाले, मुलं दगावली. मग १८७५च्या उन्हाळ्यात नवी जागा शोधायला एक शिष्टमंडळ पश्चिमेला गेलं, त्यात योनासन होता. त्यांनी विनिपेग सरोवराचा पश्चिम किनारा निवडला. का निवडला? त्या वर्षी रेड नदीच्या खोऱ्यात टोळधाडीने शेतं फस्त केली होती, आणि हा किनारा वाचला होता. शिवाय पाण्यात मासे, काठावर लाकूड, आणि सलग राखीव पट्टा मिळणार, म्हणजे आपली माणसं एकत्र राहतील. हा हिशेब वाईट नव्हता.

ऑक्टोबर १८७५च्या २१ तारखेला पहिली तुकडी सपाट तळाच्या तराफ्यांतून उतरली. हडसन बे कंपनीच्या ‘कोल्व्हिल’ या आगबोटीने ते तराफे ओढून आणले होते. ऑक्टोबर म्हणजे हिवाळ्याचा उंबरठाच. घरं बांधायला वेळ नाही, शेती तर दूरच. आता सगळी भिस्त माशांवर.

आणि इथे गंमत बघा, खरं तर गंमत नाही, शोकांतिका आहे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या मासे खाणारे. पण त्यांनी आणलेल्या जाळ्यांचा आस मोठा होता. आस म्हणजे जाळ्यातल्या गाठींमधलं अंतर. ते किती ठेवायचं हे मासा ठरवतो, कोळी नाही. आस मोठा असेल तर मासा सरळ आरपार निघून जातो. शिवाय बर्फाखाली जाळं लावायचं कसं, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या पहिल्या हिवाळ्यात पुष्कळांची उपासमार झाली.

बर्फाखालची मासेमारी ही त्या भागातल्या मूलनिवासी लोकांची विद्या. आधी बर्फाला एक भोक पाडायचं. त्यातून लांब काठी दोरीसकट बर्फाखाली सरकवायची. काठीचं टोक जिथे पोचेल तिथे दुसरं भोक, तिथून पुन्हा पुढे ढकलायची. शेवटच्या भोकातून दोरी बाहेर काढली की तिला बांधून जाळं आत ओढायचं. नंतरच्या काळात मॅनिटोबातल्या कोळ्यांनी काठीऐवजी एक फळी वापरली. तिला लोखंडी हात असतो, दोरीला हिसका दिला की तो हात बर्फाच्या खालच्या अंगाला टेकून फळीला पुढे ढकलतो. वर एक माणूस कान देऊन तिच्या मागे चालतो आणि ती कुठे पोचली ते ओळखतो.

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. १८७६मध्ये योनासन कॅनडा सरकारचा प्रतिनिधी म्हणून आइसलँडला गेला आणि त्याच्या प्रयत्नांनी हजाराहून अधिक लोक वसाहतीत आले. तो तेव्हा अवघा २४ वर्षांचा. त्याच शरद ऋतूत वसाहतीत देवी पसरल्या. दाटीवाटीची झोपडी, अपुरं अन्न, डॉक्टर लांब. जवळपास १०० आइसलँडी माणसं गेली, त्यात लहान मुलं जास्त. पुढे जुलै १८७७पर्यंत वसाहतीभोवती विलगीकरणाची रेषा होती. माल बाहेर नेता येईना, मजुरीला जाता येईना.

पण मेलेल्यांची मोजणी इथे थांबत नाही. तो किनारा रिकामा नव्हता. सँडी बार आणि आइसलँडिक नदीच्या तोंडाशी सोल्टो लोकांची वस्ती होती. सरकारने राखीव पट्टा आखताना त्यांना विचारलं नव्हतं. देवीच्या साथीने ती वस्ती जवळजवळ पुसली गेली, आणि त्यांची घरं जाळण्यात आली. तिथल्या जॉन रामसे या सोल्टो माणसाने नदीकाठच्या आपल्या जागेसाठी नव्याने आलेल्यांना अडवलं होतं. जागा त्याला परत मिळाली नाही. पुढे त्याच वसाहतवाल्यांना त्याने शिकार पुरवली, वाट दाखवली. त्याची बायको बेट्सी साथीत गेली. तिच्या थडग्यावर त्याने संगमरवरी दगड आणून बसवला, तो आजही रिव्हर्टनजवळ आहे. योनासनला ‘नव्या आइसलँडचा जनक’ म्हणतात. ते म्हणताना हा दगड विसरायचा नाही, एवढं आम्हाला सांगायचं आहे.

साथ चालू असतानाच, १८७७च्या सुरुवातीला, या लोकांनी कारभाराची मांडणी सुरू केली आणि १८७८मध्ये आपली घटना मंजूर केली. हे शक्य झालं त्याचं कारण नकाशात आहे. वसाहत तेव्हाच्या छोट्या मॅनिटोबा प्रांताच्या सीमेबाहेर होती, त्यामुळे प्रांताचा कारभार तिथे पोचतच नव्हता. वसाहतीचे चार विभाग, प्रत्येकाची निवडून दिलेली समिती, आणि सगळ्यांवर एक मंडळ. त्या मंडळाचा पहिला प्रमुख योनासन. ही घटना वाचली तर मोठमोठी तत्त्वं फारशी सापडत नाहीत. रस्त्याच्या कामाला कोणी किती हात लावायचा, विधवा आणि अनाथांची काळजी कोणी घ्यायची, भांडण झालं तर मध्यस्थ कोण, माणसांची नोंद कशी ठेवायची, हेच सगळं. आपल्या ग्रामपंचायतीत बसलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटेल.

त्याच सुमारास, सप्टेंबर १८७७मध्ये, ‘फ्रामफारी’ हे आइसलँडी भाषेतलं वर्तमानपत्र निघालं. त्यामागेही योनासन होता. जरा विचार करा, विलगीकरण उठून दोन महिने झालेत, घरात पुरेसं पीठ नाही, आणि हे लोक छापखाना लावताहेत. त्याच महिन्यात कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन गिमलीला येऊन गेले. ते तरुणपणी स्वतः आइसलँड फिरून आलेले. हे नाव आपल्याला परकं नाही. हेच डफरिन पुढे १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, मुंबईत काँग्रेस स्थापन झाली ती त्यांच्याच काळात. आणि मुंबई बंदरात ज्या ‘डफरिन’ जहाजावर आपल्या व्यापारी नौदलाचे कित्येक कप्तान घडले, त्या जहाजाचं नावही त्यांच्यावरूनच.

आता आगबोटीकडे येऊ. वसाहतीला रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. आत येणारं पीठ आणि बाहेर जाणारं लाकूड, दोन्ही पाण्यावरूनच. योनासनने फ्रिड्योन फ्रिड्रिक्सन या भागीदाराबरोबर लाकूड कापायची गिरणी आणि ‘व्हिक्टोरिया’ ही आगबोट घेतली. १८८०च्या पुरानंतर आणि धर्मगुरूंच्या भांडणानंतर कितीतरी कुटुंबं डाकोटाकडे निघून गेली होती. जी राहिली, त्यांना गिरणीने आणि बोटीने रोजगार दिला. ‘कप्तान योनासन’ हे नाव त्याला तिथून कायमचं चिकटलं.

पण दुसरी बाजूही बघायला हवी. ज्याची बोट, त्याचं भाडं. ज्याची गिरणी, त्याची मजुरी. आणि मंडळावर वजनही त्याचंच. तो लबाड होता असं आम्ही म्हणत नाही. रस्ता नसलेल्या गावात बोटवाला आपोआप पुढारी होतो, एवढंच म्हणणं आहे. मासेमारीतही पुढे हेच झालं. १८८०च्या दशकात रेल्वे विनिपेगला पोचल्यावर इथला व्हाइटफिश दूरच्या बाजारात जाऊ लागला. बर्फघरं आणि ओढबोटी मोठ्या कंपन्यांच्या, जाळं आणि जोखीम कोळ्याची. हंगामाआधी सामान उधार, हंगामानंतर हिशेब. मासा पकडणारा एक आणि भाव ठरवणारा दुसरा, हे दुखणं सरोवर असो की समुद्र, सारखंच. १९६९ साली कॅनडा सरकारने गोड्या पाण्यातल्या माशांच्या विक्रीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, ते याच तक्रारींतून.

योनासन मात्र प्रांताच्या राजकारणात उतरला. १८८१मध्ये मॅनिटोबाच्या सीमा वाढल्या, वसाहत प्रांतात आली, आणि १८८७पर्यंत तिची स्वतःची घटना मागे पडली. १८९६मध्ये तो उदारमतवादी पक्षाकडून विधानसभेत निवडून आला, तिथे पोचलेला पहिला आइसलँडी. १८९९मध्ये तो काळ संपला, १९०७ ते १९१० पुन्हा आमदार. काही वर्षं ‘लॉगबर्ग’ या साप्ताहिकाचा तो संपादकही होता. त्याचा मोठा आग्रह कशासाठी होता? रेल्वेसाठी. आगबोटीचा कप्तान रेल्वे मागतो, म्हणजे आपल्याच धंद्यावर पाणी सोडतो. रेल्वे १९०६मध्ये गिमलीला आणि १९१०मध्ये आर्बोर्गला पोचली. त्याच आर्बोर्गमध्ये १९४२ साली, नव्वदाव्या वर्षी, त्याचं निधन झालं.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथे देतो.

पहिला प्रश्न : हा स्वतंत्र देश होता का? नाही. जमीन कॅनडाची, कर्ज कॅनडा सरकारचं, वरचा कायदाही त्यांचाच. पण रोजचा कारभार काही वर्षं लोकांनी स्वतः, स्वतःच्या भाषेत केला. त्याला देश म्हणण्यापेक्षा स्वराज्य संस्था म्हणणं जास्त बरोबर.

दुसरा प्रश्न : आज तिथे मासेमारी चालते का? चालते, आणि त्यात आज मूलनिवासी कोळ्यांचा मोठा वाटा आहे. १९७०मध्ये माशांत पारा सापडल्यामुळे ती बंद ठेवावी लागली होती. आता शेतांतून आणि शहरांतून येणाऱ्या खतद्रव्यांमुळे उन्हाळ्यात पाण्यावर हिरवं शेवाळ पसरतं. म्हणजे पाणी कोणाचं आणि त्याचा कारभार कोणी करायचा, हा १८७८मधला प्रश्न तिथे अजून मिटलेला नाही. आता तो सोडवताना किनाऱ्यावरच्या सगळ्यांना बोलावलं जातंय का, हे बघायला हवं. पहिल्या वेळी बोलावलं नव्हतं.