सर्व्हरच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत?

संगणक आता मोठ्या पेढ्यांपुरता राहिलेला नाही. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीनला लागणारी डिझाइनची फाइल, छापखान्यात ग्राहकाचे आर्टवर्क, फर्निचर बनविणाऱ्याकडे नकाशे, निर्यातदाराकडे बिले आणि पॅकिंग लिस्ट, असा धंद्यातला बराचसा माल आज फाइलींच्या रूपात असतो. तो ठेवण्यासाठी कोणी दुकानाच्या मागच्या खोलीत एक संगणक रात्रंदिवस चालू ठेवतो, तर कोणी एखाद्या कंपनीकडून वर्षाच्या भाड्याने जागा घेतो. अशा सतत चालू राहणाऱ्या आणि दुरून फाइली देणाऱ्या-घेणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर कोणता घ्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्याच्या किल्ल्या कोणाला द्याव्यात आणि परत कधी घ्याव्यात, हे सांगणारा क्वचितच भेटतो. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी आज आम्ही हाच विषय घेतला आहे.

एक पासवर्ड, पाच माणसे

समजा, एम्ब्रॉयडरीचा एक कारखाना आहे. पंचिंग करणारा डिझाइन तयार करून सर्व्हरवर चढवतो. मशीनचा ऑपरेटर ती उतरवून घेतो. हिशेबनीस बिले ठेवतो, बाहेरगावचा व्यापारी नमुने पाहतो आणि मालक सगळ्यांवर नजर ठेवतो. माणसे पाच, पण सर्व्हरवर नाव एक आणि पासवर्डही एकच. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो. छोट्या धंद्यात हेच चित्र सर्रास दिसते.

यात तीन तोटे आहेत. पहिला, एखादी फाइल पुसली गेली तर ती कोणी पुसली हे कळत नाही, कारण नोंदीत पाचही जण एकाच नावाने दिसतात. दुसरा, ज्याला फक्त नमुने पाहायचे आहेत त्याला खरेदीचे दरही दिसतात. तिसरा तोटा सर्वांत मोठा आहे. एक माणूस काम सोडून गेला की पासवर्ड बदलून उरलेल्या चौघांना नवा द्यावा लागतो. ही कटकट नको म्हणून तो बदललाच जात नाही, आणि गेलेल्या माणसाच्या हातात किल्ली तशीच राहते.

कापडाचा तागा चोरीला गेला तर फडताळात जागा रिकामी दिसते. फाइलचे तसे नाही. तिची नक्कल जाते, मूळ जागेवरच राहते. महिनाभर खपून केलेले डिझाइन दुसऱ्याच्या मशीनवर चालू लागले तरी मालकाला ते बाजारात माल आल्यावरच समजते.

खाते म्हणजे नेमके काय

सर्व्हरवरच्या खात्यात तीन गोष्टी असतात. माणसाचे नाव, तो तोच आहे याचा पुरावा, आणि त्याला काय करण्याची मुभा आहे याची मर्यादा. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची व्यवस्था झाली, तेव्हा प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून तेथे पासवर्ड आले. पुढच्याच वर्षी तेथल्या एका संशोधकाने संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली. सांगायचे एवढेच, की खाती आणि त्यांची चोरी या दोन्ही गोष्टी जवळजवळ बरोबरच जन्मल्या.

बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. तेथे प्रत्येक फाइलसाठी तीन प्रकारची माणसे धरतात : फाइलचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे सगळे. प्रत्येकाला तीन मुभा देता येतात. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालविण्याला १ असा अंक आहे. फोल्डरच्या बाबतीत चालविणे म्हणजे आत शिरणे. यांची बेरीज करून तीन आकडी संख्या होते. डिझाइनच्या फोल्डरवर ७५० असेल तर पंचिंग करणाऱ्याला सर्व मुभा (७), ऑपरेटरांच्या गटाला आत शिरून वाचण्याची मुभा (५) आणि इतरांना काहीच नाही (०). आतल्या फाइलींना ६४० पुरते. काम अडले की काही जण घाईत ७७७ करून टाकतात. त्याचा अर्थ सर्व्हरवरच्या कोणीही यावे, वाचावे, बदलावे आणि पुसावे. आपल्या सर्व्हरवर असे आकडे दिसले तर ते का दिले आहेत हे जरूर विचारावे.

फाइल कोणत्या वाटेने जाते

फाइली पाठविण्याची जुनी रीत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. ते मूळ अलाहाबादचे, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, आणि त्या वेळी एमआयटीत होते. ज्या काळात जाळ्यावर मोजकीच विद्यापीठे आणि प्रयोगशाळा होत्या, त्या काळासाठी ती रीत उत्तम होती. पण तिच्यात नाव, पासवर्ड आणि फाइल उघड्या पोस्टकार्डासारखी जाते. वाटेत कान लावून बसलेल्याला सगळे वाचता येते.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात पासवर्ड असेच वाटेत टिपले गेले. त्यानंतर तेथील तातू उलोनेन यांनी एसएसएच ही बंद वाट तयार केली. पुढे तिच्यावरूनच फाइली पाठविण्याची एसएफटीपी ही रीत आली. फाइल देणाऱ्या-घेणाऱ्याने आज तीच मागावी. जुन्या एफटीपीलाच कुलूप घालून केलेली एफटीपीएस ही तिसरी रीतही चालते. नावे सारखी दिसली तरी एफटीपी, एफटीपीएस आणि एसएफटीपी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. साधी एफटीपी इतकी मागे पडली आहे, की २०२१ साली फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांनी तिची सोय काढून टाकली.

एसएफटीपीत पासवर्डाऐवजी किल्लीची जोडीही वापरता येते. जोडीतला एक भाग सर्व्हरवर कुलपासारखा बसतो आणि दुसरा माणसाच्या स्वतःच्या संगणकावर राहतो. हा दुसरा भाग कोणाला पाठवू नये, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नाही. त्याला स्वतंत्र पासवर्डही लावावा.

प्रत्येकाला त्याचीच खोली

बाहेरच्या व्यापाऱ्याला नमुने दाखवायचे म्हणून त्याला साऱ्या घरात फिरू देण्याचे कारण नाही. एसएसएचच्या रचनेत एखाद्या खात्याला एकाच फोल्डरात कोंडता येते. त्याला त्याच्या बाहेरचे काही दिसत नाही, आणि फाइली घेण्या-देण्यापलीकडे सर्व्हरला कोणताही हुकूम देता येत नाही. येथे एक खोच आहे. त्या बाहेरच्या फोल्डरची मालकी मुख्य खात्याकडे, म्हणजे रूटकडे, असावी लागते आणि इतर कोणाला त्यात लिहिण्याची मुभा असून चालत नाही. नाहीतर खातेदाराला आत येताच येत नाही. खातेदाराने फाइली ठेवायच्या असतील तर आत आणखी एक फोल्डर त्याच्या नावे करून द्यावा. पुष्कळ जण येथेच अडतात आणि कंटाळून सगळे मोकळे करून टाकतात.

भाड्याच्या जागेवर बहुधा सीपॅनेलसारखे पॅनेल मिळते. त्यात एफटीपी खाते काढताना फोल्डर कोणता आणि जागा किती, हे दोन्ही भरता येते. फोल्डरचा रकाना नीट पाहून भरावा. सीपॅनेलमध्ये अशा जादा खात्यांना एसएफटीपी मिळत नाही, ती मुख्य खात्यालाच असते. तेव्हा जादा खात्यांसाठी एफटीपीएस वापरावी आणि मुख्य खाते कोणालाही देऊ नये.

मुख्य खात्याविषयी आणखी थोडे. सर्व्हर बसवून देणारा कॉम्प्युटरवाला रूटचा पासवर्ड, भाड्याचा करार आणि वेबसाइटचे नाव हे सर्व आपल्याच ईमेलवर ठेवतो, असे अनेक ठिकाणी होते. त्याच्याशी व्यवहार बिघडला तर आपल्याच दुकानाबाहेर उभे राहण्याची पाळी येते. करार आणि मुख्य खाते मालकाच्या नावे व मालकाच्या ईमेलवर असावे. दुरुस्तीसाठी त्या माणसाला वेगळे खाते द्यावे आणि काम संपले की बंद करावे.

माणूस गेल्यावर

खाते काढणे सोपे, ते नीट बंद करणे अवघड. येथे तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर नुसता पासवर्ड बंद केला तरी किल्लीची जोडी चालूच राहते. म्हणून खात्याची मुदत संपवावी आणि किल्लीही काढून टाकावी. माणूस त्या क्षणी आत असेल तर त्याची जोडणी तोडावी. दुसरी, खाते घाईने पुसले तर त्याच्या फाइली एका क्रमांकाच्या नावे उरतात. पुढे तोच क्रमांक नव्या माणसाला मिळाला तर त्या फाइली आपोआप त्याच्या होतात. म्हणून आधी खाते बंद करावे, मग फाइली दुसऱ्याच्या नावे कराव्यात आणि शेवटी खाते पुसावे. तिसरी, सीपॅनेलमध्ये एफटीपी खाते काढताना ‘खाते’ आणि ‘खाते व त्याचा फोल्डर’ असे दोन पर्याय येतात. दुसरा दाबला तर मालही जातो.

नोंद आणि डागडुजी

कोण कधी आत आला याची नोंद सर्व्हर ठेवतो. मात्र एसएफटीपीने कोणती फाइल कोणी उचलली, ही नोंद आपोआप होत नाही, ती सांगून सुरू करून घ्यावी लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्यांना नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. छोट्या धंद्यानेही तेवढे माप धरावे.

खाती नीट असूनही मूळ सॉफ्टवेअरमध्येच भोक असू शकते. जुलै २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडी या प्रसिद्ध एफटीपी सॉफ्टवेअरच्या २.३.४ आवृत्तीत कोणीतरी चोरवाट घालून ठेवल्याचे आढळले. नावाच्या शेवटी हसऱ्या चेहऱ्याची दोन चिन्हे टाकली की सर्व्हर उघडत असे. २०२३ साली मूव्हइट या फाइल पाठविण्याच्या सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे जगभरातील कंपन्यांची आणि सरकारी कार्यालयांची माहिती चोरीला गेली. म्हणून सुधारित आवृत्त्या वेळेवर बसवून घ्याव्यात.

हे सर्व करण्यास मोठा खर्च नाही. लिनक्स आणि एसएसएच फुकट मिळतात, लागते ती शिस्त. एक साधी वही घालावी. तिच्यात खात्याचे नाव, माणूस, फोल्डर, मुभा, दिल्याची तारीख आणि परत घेतल्याची तारीख असे सहा रकाने आखावेत. दर तीन महिन्यांनी वही आणि सर्व्हरवरची यादी समोरासमोर ठेवावी. यादीत आहे पण वहीत नाही असे खाते त्याच दिवशी बंद करावे. वहीत पासवर्ड मात्र लिहू नये, आणि कॅलेंडरवर लिहिलेला असेल तर तो आजच बदलावा.