पाहिलं म्हणजे कळलं का?

मंडळी, शाळेची सहल म्हटली की मुलांना बस, डबा आणि गाण्यांच्या भेंड्या आठवतात. गुरुजींना परवानगीचे कागद. त्यात वाईट काही नाही. पण इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र हे विषय सहलीतून शिकता येतात असं आपण म्हणतो, तेव्हा मूल नेमकं काय शिकतं? आज सिहोऱ्यात बसून याचाच विचार करू.

नेहमीचं उत्तर असं, की पुस्तकात वाचलेलं मूल डोळ्यांनी पाहतं. आम्हाला ते अपुरं वाटतं. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वर्गात बहुतेक वेळ शब्दप्रमाण चालतं. पुस्तक सांगतं, मूल मानतं. सहलीत प्रत्यक्षाची भर पडते. पण इतिहासातली माणसं तर केव्हाच निघून गेलेली असतात. मागे उरतात खुणा, आणि खुणांवरून करायचं असतं ते अनुमान.

आपल्याच जिल्ह्यातली, वैनगंगेकाठची पवनी घ्या. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, मुचलिंद नाग कोरलेला स्तंभ मिळाला. आज मूल तिथे गेलं तर त्याला दिसते टेकडी, आणि तिच्यावरचं देऊळ. स्तूप असा समोर उभा दिसत नाही, तो समजून घ्यावा लागतो. इथे स्तूप होता हे कशावरून? हा ‘कशावरून’ मुलाच्या तोंडी आला, की इतिहासाचा तास सुरू झाला म्हणायचा. आणि बुद्धावर फणा धरणाऱ्या नागाची कथा आधी ऐकलेली नसेल, तर ते शिल्प म्हणजे नुसता साप! म्हणजे शब्दाशिवाय प्रत्यक्षही मुकंच.

पवनी लांब वाटत असेल, तर चांदपूरचा जलाशय आपल्या दाराशी आहे. हनुमानाच्या दर्शनाला मुलं तिथे जातातच. त्याच फेरीत विचारू द्या: या तलावात बावनथडीचं पाणी उपसून का आणावं लागतं? कालव्याच्या तोंडाशी असलेल्या शेताला पाणी केव्हा मिळतं, टेलवरच्या शेताला केव्हा? दोन्हीकडच्या शेतकऱ्यांशी बोलू द्या. उत्तरं जुळली नाहीत तर फारच छान. दोन साक्षी ऐकून मत बनवणं हेच तर नागरिकशास्त्र आहे. गावोगावचे ‘मामा तलाव’ बघा. हा मामा कोण, असं पोरं हसत विचारतील. मग सांगा, ‘माजी मालगुजारी’चं ते लघुरूप. मालगुजारी कायद्याने गेली, तलाव मागे राहिले. एका नावात महसुलाचा केवढा इतिहास!

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ च्या ‘एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन’ या पुस्तकात बजावलं होतं, की प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही. काही अनुभव पुढचं शिकणं अडवतातही. धावत पाच ठिकाणं दाखवणारी सहल अशीच असते. फोटो निघतात, प्रश्न निघत नाहीत.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. लांबच्या सहलीची वर्गणी रोजमजुरी करणाऱ्या घराला झेपत नाही. ते मूल घरी राहतं, आणि पुढच्या आठवड्यात ‘आमची सहल’ हा निबंध त्यालाही लिहावा लागतो. जवळची सहल सगळ्या वर्गाला नेता येते. शिवाय टेलवर ज्याच्या बापाचं धान आहे, तो मुलगा त्या दिवशी वर्गातला जाणकार ठरतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. निघण्याआधी प्रत्येक मुलाने एक प्रश्न वहीत लिहावा. परत आल्यावर तीन ओळी लिहाव्यात: काय पाहिलं, त्यावरून काय ठरवलं, आणि काय अजून कळलं नाही. तिसरी ओळ कोरी राहिली, तर सहल पुन्हा काढायला हरकत नाही.