चिपमधील तराजू

चिपांच्या मुख्यतः दोन जाती आहेत, आणि त्यांतील एकीचेच नाव सर्वांच्या तोंडी असते. ती अंकीय चिप. तिला दोनच गोष्टी कळतात, शून्य किंवा एक. दुसरी सदृश चिप, जिला इंजिनिअर मंडळी ॲनालॉग म्हणतात. ऊन, आवाज, नाडीचा ठोका या गोष्टी शून्य-एकच्या हिशेबाने चालत नाहीत. त्या हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. त्यांना प्रथम सामोरी जाते ती ही सदृश चिप. आपण मोबाइलमध्ये बोललेला शब्द आधी तिच्या हाती पडतो, मग त्याचे अंक होतात.

अशी चिप रचावयास शिकणे कठीण का? सुटे भाग जोडून यंत्र करणारा कारागीर बाजारातून हवा तो रोधक मोजून आणतो. चिपवर ही सोय नाही. तेथे हजार ओहमचा रोधक मागावा, तर आठशेचा किंवा बाराशेचाही पदरी पडतो. 1958 साली जॅक किल्बी यांनी पहिले एकात्मिक मंडल करून दाखविले, तरी या अडचणीतून वाट काढण्याचे मोठे श्रेय बॉब विडलर या विक्षिप्त पण अलौकिक रचनाकाराकडे जाते. 1965 साली बाजारात आलेला त्यांचा 709 हा वर्धक फार गाजला. त्यांनी हेरलेली गोष्ट साधी होती: चिपवर कोणतेही माप नेमके मिळत नाही, परंतु शेजारी शेजारी घडविलेले दोन भाग जुळ्या भावांसारखे निघतात. दोन्ही चुकतील, पण सारखेच चुकतील. तेव्हा मापावर भरवसा न ठेवता प्रमाणावर ठेवावा.

जळगावात सोन्याच्या बाजारात वावरणाऱ्यांस हे निराळे समजावून सांगावयास नको. जुन्या तराजूच्या दोन्ही पारड्यांवर सारखीच धूळ बसली, तर काटा हलत नाही. तो हलतो फक्त फरकाने. सदृश चिपच्या पोटात असाच दोन ट्रान्झिस्टरांचा तराजू असतो. बाहेरचा गोंगाट दोघांवर सारखाच पडतो आणि बाद होतो. कामाचा संदेश तेवढा फरक म्हणून पुढे जातो. पारडी समान राहावीत म्हणून रचनाकार प्रत्येक ट्रान्झिस्टरचे दोन तुकडे करून ते चौकोनात तिरपे मांडतो. मग सिलिकॉनच्या चकतीत एका बाजूस थोडी जाडी कमी-जास्त असली, तरी ती दोघांच्या वाट्यास सारखीच येते.

आता आपल्या उन्हाळ्याकडे येऊ. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. ट्रान्झिस्टरच्या एका सांध्यावरील दाब साधारण 0.6 व्होल्ट असतो, आणि दर अंशास तो सुमारे दोन मिलिव्होल्टनी घटतो. थंडीतील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत पस्तीस अंशांचे अंतर धरले, तर सत्तर मिलिव्होल्टची घसरण झाली. अशा दाबाला मोजपट्टी कोण मानील? पण दोन जुळे ट्रान्झिस्टर घेऊन एकातून दुसऱ्याच्या आठपट दाट प्रवाह सोडला, तर त्यांच्या दाबांतील फरक सुमारे 54 मिलिव्होल्ट येतो, आणि तो उष्णतेबरोबर वाढतो, दर अंशास 0.18 मिलिव्होल्टने. हा फरक अकरापट करावा आणि घटणाऱ्या दाबात मिळवावा. एक उतरतो तेवढाच दुसरा चढतो, आणि बेरीज 1.2 व्होल्टच्या आसपास स्थिर राहते. अकरापट करणे हे केवळ दोन रोधकांचे प्रमाण. म्हणजे पुन्हा जुळ्यांचाच न्याय. माझ्या मते या विद्येतील ही सर्वांत सुंदर युक्ती होय.

विद्यापीठात ही विद्या कशी शिकवतात, हा प्रश्न मात्र थोडा कडू आहे. परीक्षेपुरती समीकरणे पाठ करता येतात. रचना पाठ करता येत नाही. 1973 साली बर्कले येथे तयार झालेला स्पाइस हा संगणकी कार्यक्रम आणि त्याचे वंशज कोणतेही मंडल चालवून दाखवितात. तथापि ज्याने आधी कागदावर अंदाज बांधला नाही, त्यास संगणकाचे उत्तर खरे की खोटे हे कळणार कसे? असा विद्यार्थी आकडे फिरवीत बसतो, आणि एखादा आकडा जमला की त्यासच ज्ञान समजतो.

जळगाव, धुळे, शिरपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांपुढे पूर्वी आणखी एक भिंत होती. कारखान्याची मोजमापे गुप्ततेच्या करारावाचून मिळत नसत, आणि रचनेची सॉफ्टवेअरे महाग. 2020 साली गूगल आणि स्कायवॉटर यांनी 130 नॅनोमीटर पद्धतीची मोजमापे सर्वांस खुली केली. मुंबईच्या आयआयटीने ईसिम हे विनामूल्य साधन सिद्ध केले. 2022 साली केंद्र सरकारची 'चिप्स टू स्टार्टअप' योजना आली, आणि मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीत विद्यार्थ्यांनी रचलेल्या चिपाही घडू लागल्या. शिक्षकाची उणीव यांतून आपोआप भरून निघत नाही, हेही खरे.

तरी धुळ्यातील एखाद्या विद्यार्थिनीस आज घरच्या संगणकावर वर सांगितलेली 1.2 व्होल्टची रचना मांडता येते आणि पारा दहापासून पंचेचाळीसपर्यंत फिरवून पाहता येतो. ती रचना कारखान्यात गेली, तर काही महिन्यांनी नखाएवढा तुकडा परत येतो. त्यातील चूक डाग देऊन दुरुस्त होत नाही. तो तापवावयाचा, मोजावयाचा, आणि काटा हलतो की नाही ते पाहावयाचे.